यंत्राने लावलेली शिस्त ही शिस्त का? (आमच्या मल्टीतल्या पाण्याच्या मीटरवरून)

सुदामानगरी
नमस्कार मंडळी. आमच्या मल्टीत (म्हणजे फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये; इंदूर, नाव नको, सगळे इथे वाचतात) सध्या पाण्यावरून महाभारत चालू आहे आणि त्यातून एक प्रश्न डोक्यात घुसलाय, म्हटलं इथे टाकावा.

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी बोरिंग, आणि एप्रिल लागला की बोरिंग खाकरायला लागतं मग टँकर. टँकरचे पैसे सगळ्या फ्लॅटवर सारखे, त्यामुळे दोन माणसांची घरं ओरडतात आणि सहा माणसांची घरं गप्प बसतात. रहवासी संघाने एका मीटरवाल्याला बोलावलं. प्रत्येक फ्लॅटला मीटर, रोजचा वापर ॲपवर. इथवर कुणाचीच ना नाही. पण त्या ॲपमध्ये दोन 'सोयी' आहेत. एक, रोज रात्री मल्टीच्या ग्रुपवर आपोआप यादी पडणार, ज्याने सगळ्यात जास्त पाणी वापरलं तो सगळ्यात वर, लाल रंगात. दुसरी, कोटा संपला की त्या फ्लॅटचं प्रेशर आपोआप कमी. सेक्रेटरी म्हणाले, आता बघा लोक कसे सुतासारखे सरळ होतात. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली की तिसऱ्या मजल्यावर आजी अंथरुणावर आहेत, त्यांच्याकडे रोज चादरी धुवाव्या लागतात, म्हणजे रोज त्यांचंच नाव लाल.

तर प्रश्न असा की यंत्राच्या धाकाने माणूस नीट वागला तर त्याला नीट वागणं म्हणायचं का? आणि यंत्राने किती ढकलायचं हे ठरवणार कोण, मीटरवाला?

पोहे_जलेबी
भिया पहिले हे सांगा, ज्या दिवशी सेक्रेटरींचा फ्लॅट लाल होईल त्या दिवशी सर्व्हर डाउन असेल का नाही?

खंडवा_रोड
गाड्यांच्या वर्कशॉपवाला आहे म्हणून सांगतो. १ जुलै २०१९ पासून नवीन कारला ड्रायव्हरच्या बेल्टचा बझर आणि स्पीडचा अलार्म सक्तीचा झाला, ८० च्या वर थांबून थांबून वाजतो, १२० च्या वर थांबतच नाही. आता गिऱ्हाईक येऊन काय मागतं? भैया हे पिंपिं बंद करून द्या. आम्ही नाही म्हणतो तर बेल्ट सीटच्या मागून फिरवून लावतात आणि त्याच्यावर बसतात. बझर गप्प करायच्या क्लिपा तर ऑनलाइन सर्रास मिळत होत्या, २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच कंपन्यांना त्या काढायला लावल्या. क्लिपवर कुणाचा तरी फोटो, देवाचा नाहीतर कंपनीचा लोगो, म्हणजे मरायचं पण स्टायलीत. माझं म्हणणं, ज्याला नाहीच करायचं तो यंत्राच्या डोक्यावर बसतो. अक्षरशः.

वाचनवेडी
@खंडवा_रोड हे अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलंय. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांत अशी व्यवस्था होती की पुढच्या सीटवरच्यांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. बाजूच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी हटून बसायची, कारण सीटवर वजन आहे म्हणजे माणूस आहे. लोक इतके भडकले की त्याच वर्षी त्यांच्या संसदेने कायदा करून ती सक्ती काढून टाकली. जीव वाचवणारी गोष्ट लोकांनी मत देऊन घालवली!

ब्रूनो लातूर म्हणून फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होते, ते याच गोष्टींवर लिहायचे. त्यांचं उदाहरण हॉटेलच्या किल्लीचं. बाहेर जाताना किल्ली काउंटरवर ठेवा अशी पाटी लावली, फारसं कुणी ऐकत नाही. मग किल्लीला भला जड गोळा लावला. आता खिसा फाटतो म्हणून सगळे आपणहून किल्ली ठेवून जातात. त्यांचं म्हणणं असं की समाजाची नीतिमत्ता शोधताना आपण फक्त माणसांकडे बघतो, पण तिचा बराचसा भाग आपण वस्तूंच्या हवाली केलेला असतो.

पोहे_जलेबी
हे लातूरचे का? तिकडे तर रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं २०१६ ला, मीटरचं त्यांनाच विचारा.

वाचनवेडी
अपेक्षित होतंच. दहा मिनिटं पण नाही लागली तुम्हाला.

गिट्टी_मुरुम
स्पीडब्रेकरला इंग्रजीत झोपलेला पोलीस म्हणतात त्याची आठवण झाली. सिव्हिलवाला असल्यामुळे थोडं ज्ञान पाजळतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, ताशी २५ च्या आसपास गेलात तर आरामात पार होतो. आपल्या कॉलन्यांत लोक काय करतात, रात्रीतून पार्षदाला सांगून नाहीतर स्वतः सिमेंट ओतून पाठीच्या कण्यासारखा एक उभा दांडा घालतात. त्यावरून २५ ने जा नाहीतर ५ ने, कंबर तीच. म्हणजे तो ब्रेकर हळू चालवायला शिकवतच नाही, फक्त शिक्षा देतो, आणि सावकाश चालणाऱ्यालाही तेवढीच देतो. ॲम्ब्युलन्सलाही. रस्त्यावरचा हवालदार ॲम्ब्युलन्स बघून हात दाखवतो, हा झोपलेला काही उठत नाही.

मूळ प्रश्नातल्या आजींचं तेच आहे. यादीला चादरी दिसत नाहीत, लिटर दिसतात.

तत्त्वनिष्ठ
माफ करा पण मला हा सगळा प्रकारच बाष्कळ वाटतो. संस्कार घरातून येतात. ज्याला चोरी करायची सोय नाही म्हणून तो करत नाही, त्याला आपण प्रामाणिक म्हणतो का? मीटर लावा, कॅमेरे लावा, उद्या माणसाच्या डोक्यात चिप लावा. माणूस यंत्राला घाबरून वागायला लागला की यंत्र नसेल तिथे दुप्पट वाईट वागतो. हेल्मेटचंच बघा. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदुरात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा हुकूम निघाला होता. काय झालं? पंपावर मागच्याकडून हेल्मेट मागून घ्यायचं, टाकी भरायची, परत द्यायचं. एका हेल्मेटवर निम्मी लाइन पेट्रोल भरून गेली.

माळव्याची_मैना
@तत्त्वनिष्ठ दादा, हेल्मेटचं खरं आहे पण कचऱ्याचं काय? तुम्ही इंदूरचेच ना? २०१६ च्या आधीचं आठवा. आमच्या गल्लीच्या टोकाला ती भली मोठी पेटी, तिच्यात कमी आणि तिच्याभोवती जास्त, गाई, कुत्री, वास. तेव्हा आमच्यावर संस्कार नव्हते का? आई रोज दारात रांगोळी काढायची आणि कचरा मात्र पेटीच्या दिशेने भिरकावायची, नेम चुकला तर चुकला. मग निगमने पेट्याच उठवल्या. रोज सकाळी गाडी दारात, गाणं वाजवत, आणि गाडीला वेगवेगळे कप्पे. ओला इकडे, सुका तिकडे, डायपर-पॅड वेगळं. माझ्या सासूबाई पहिले कित्येक दिवस कुरकुरल्या, हे काय नवीन थेर. आता पाहुण्यांनी केळ्याचं साल सुक्याच्या डब्यात टाकलं की त्या स्वतः उठून हात घालून काढतात आणि वर लेक्चर देतात. २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिला नंबर येतोय तो काय एकदम सगळ्या इंदूरकरांचे पूर्वज पुण्यवान निघाले म्हणून?

आणि सवय यंत्र नसताना पण टिकते बरं का. माझा मुलगा पुण्याला शिकतो, रॅपर खिशात घेऊन फिरतो, पँट धुवायला टाकली की वॉशिंग मशीनमध्ये अख्खं किराणा दुकान.

रामबागी
मैनाताई, पटलं पण अर्धंच. तोच इंदूरकर रॅपर खिशात ठेवून राँग साइडने बाइक घालतो. म्हणजे गाडीने त्याला स्वच्छ केलं, सज्जन नाही.

माळव्याची_मैना
सज्जन करायचं कंत्राट निगमकडे कुणी दिलंय? रस्ता स्वच्छ झाला तेवढं पुरे नाही का.

एक सांगायचं राहिलं. गाडीबरोबर माणूस असतो हो. तो बादलीत डोकावतो आणि म्हणतो 'दीदी, यह मिक्स है'. त्याला सांगता येतं की आज घरी आजारी आहे कुणी, उद्या करते. तो चिडतो पण घेऊन जातो. मीटरला काय सांगणार?

अनामिक_पलासिया
भिंतीवर देवाच्या टाइल्स लावतात ती टेक्नॉलॉजी यात बसते का? आमच्या ऑफिसच्या जिन्यात थुंकणाऱ्यांसाठी गणपती, साईबाबा, मक्का, येशू, गुरुनानक सगळे ओळीने लावलेत. जिना स्वच्छ आहे, दोन टाइल्सच्या मधल्या फटीत मात्र नेम धरून मारलेल्या पिचकाऱ्या आहेत.

जुने_इंदूर
वयाने बहुतेक मीच सगळ्यात मोठा इथे, जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

माळव्याची_मैना म्हणतात तो पहिला प्रयोग नव्हे. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदूरला बोलावलं होतं, त्याचा शहरावरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. तेव्हा शहरात प्लेग होता. उंदीर मारा, घरं साफ करा असं सांगून लोक ऐकेनात, उलट सरकारी माणूस दिसला की दारं बंद. या बाबाने काय करावं? दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रं हातात घेतली आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या भागातले लोक सगळ्यात जास्त साफसफाई आणि डागडुजी करतील त्या भागातून जाईल. झालं. जो तो आपलं घर, आपली गल्ली घासायला लागला, गाड्याच्या गाड्या भरून घाण बाहेर पडली. मिरवणुकीत हत्ती-घोडे तर होतेच, पण घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड मोठा उंदीर पण होता, जे शेवटी जाळले. आणि कचऱ्याच्या गाड्या रंगवून, बैल सजवून, सफाई कामगारांना नवे पांढरे कपडे देऊन मानाने मिरवणुकीत चालवलं. १९१७-१८ च्या काळात त्यांना त्या जागी चालवणं म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना कळायचं नाही.

यंत्र कुठलंच नव्हतं. फक्त रस्ता कुणाच्या दारावरून जाणार एवढी एक गोष्ट बदलली.

रामबागी
वा आजोबा! पण शंका. ज्या मोहल्ल्यातून मिरवणूक गेली नाही त्यांना पण लाज वाटलीच असेल ना? म्हणजे ती पण एक लाल यादीच, उलटी.

जुने_इंदूर
असेल. पण लाज एका घराची नव्हती, गल्लीची होती. आणि पुढच्या दिवाळीला संधी होती. रोज रात्री नाव फडकावणं निराळं.

कोड_मजूर
मी ॲप बनवणाऱ्या कंपनीत आहे, नाव नाही सांगणार, इथेच सुपर कॉरिडॉरच्या बाजूला बसतो. तुम्ही विचारताय ठरवणार कोण. सांगतो कोण ठरवतं. मीटिंगमध्ये तीन जण बसलेले असतात, त्यातला एक म्हणतो 'नको' चं बटण जरा फिकं करा, दुसरा म्हणतो अजून बारीक करा, आणि तिसरा मी, घरी जायची घाई असते म्हणून करून टाकतो. एवढंच. कुणी दुष्ट नाही त्या खोलीत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने असल्या फसव्या डिझाइनवर मार्गदर्शक सूचना काढल्या, १३ प्रकार दिलेत. गुपचूप टोपलीत सामान टाकणं, खोटी घाई दाखवणं वगैरे. त्यात एक प्रकार आहे लाज दाखवून होकार काढणं. विमा नको म्हटलं की बटणावर लिहिलेलं असतं 'मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही' तसं. मूळ पोस्टमधली लाल यादी कायद्याने त्यात बसते का ठाऊक नाही पण वास तोच येतोय.

उलट्या बाजूचं पण सांगतो नाहीतर म्हणाल सगळे ॲपवाले डाकू. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं, आठवत असेल. अफवा फोनवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली आणि फोटो-व्हिडिओच्या बाजूचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. पुढे एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. कंपनी म्हणते की असे मेसेज त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले. आता बघा, कुणालाही मनाई नाही. हवं तर बसा एकेकाला पाठवत. फक्त अंगठ्याला चार वेळा जास्त कष्ट. लोकांचे संस्कार एका महिन्यात सुधारले नाहीत @तत्त्वनिष्ठ, आळस कामाला आला.

तत्त्वनिष्ठ
म्हणजे आपण आळशी आहोत हे गृहीत धरून जग बांधायचं. छान.

कोड_मजूर
जग तसंच बांधलेलं आहे हो, फक्त आत्तापर्यंत तो आळस विकायला वापरला. स्क्रोल करताना पान संपतच नाही ना, ती युक्ती २००६ मध्ये एझा रस्किन या माणसाने काढली, आणि तोच आता जगभर तिच्या विरुद्ध बोलत फिरतो. पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो आणि विचार करतो, तो क्षणच काढून टाकला.

वाचनवेडी
मीटरसाठी उपयोगी पडेल असं एक. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस गावात विजेच्या बाबतीत प्रयोग झाला होता, निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. घरोघर चिठ्ठी लावली, तुमचा वापर इतका, आजूबाजूच्यांचा सरासरी इतका. जास्त वापरणाऱ्यांनी कमी केला. पण गंमत म्हणजे जे आधीच कमी वापरत होते त्यांनी वाढवला! अरे, आपण तर उगीचच काटकसर करतोय. मग काही चिठ्ठ्यांवर कमी वापरणाऱ्यांसाठी हसरा चेहरा काढला, तर ते होते तिथेच राहिले. एवढ्याशा चेहऱ्याने. आणि चिठ्ठी ज्याच्या त्याच्या दारावर होती, चौकात नव्हती. सुदामानगरी, हे सेक्रेटरींना सांगा.

पोहे_जलेबी
आमच्या मल्टीत हसरा चेहरा पाठवला तर 'कोण हसतंय' यावरून दोन दिवस भांडण चालेल.

डॉक्टरीणबाई
बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, शिक्षण ग्वाल्हेरला, प्रॅक्टिस इंदूरला.

तुम्ही सगळे 'यंत्र माणसाला चांगलं वागायला लावतं का' यावर बोलताय. माझ्या टेबलावर जे यंत्र आहे ते वेगळंच करतं. सोनोग्राफी बाळ ठीक आहे का बघायला आली. ते यंत्र आल्यावर एक प्रश्न विचारण्याजोगा झाला जो आधी विचारताच येत नव्हता. पुढचं सर्वांना माहीत आहे, १९९४ चा गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा आला, तरी शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे मुली २००१ ला ९२७ होत्या त्या २०११ ला ९१८ वर आल्या. यंत्राने कुणालाही मुलगी नको म्हणायला शिकवलं नाही, ती नको होतीच. यंत्राने ती इच्छा दहा मिनिटांच्या कामात बसवली. त्यावर उपाय म्हणून पुन्हा यंत्रच, कोल्हापूर जिल्ह्यात २०१० च्या सुमारास सोनोग्राफी मशीनला प्रत्येक तपासणी नोंदवणारा डबा लावला होता, 'सायलेंट ऑब्झर्व्हर'. बऱ्याच डॉक्टरांना तो अपमान वाटला. मला स्वतःला वाटत नाही, पण एवढं खरं की फॉर्म एफ (गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या नोंदीचा सरकारी फॉर्म) भरताना माझा हात थरथरतो तो चुकीच्या कामाच्या भीतीने नाही, रकाना चुकण्याच्या भीतीने.

आणि एक दुसरी बाजू आहे जिच्यावर कुणी बोलत नाही. अठरा ते वीस आठवड्यांत व्यंग बघण्याची तपासणी करतो. माझ्या आजीच्या काळात बाळ जसं येईल तसं येई, रडत, देवाला दोष देत वाढवत. आता पडद्यावर हृदयात छिद्र दिसतं आणि समोर पंचविशीतलं जोडपं बसलेलं असतं, ज्यांना पुढच्या काही दिवसांत ठरवायचं असतं. कायद्यालाही यंत्राच्या मागे धावावं लागलं, २०२१ च्या दुरुस्तीने ठराविक स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवडे केली, आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही. कुणी म्हणालं आम्हाला बघायचंच नाही, तर तोही एक निर्णय होतो आणि उद्या नातेवाईक विचारतात, तपासलं का नाही? यंत्र घरात आलं की न निवडण्याची सोय संपते.

त्यामुळे @तत्त्वनिष्ठ, माझ्या पेशंटना संस्कार पुरत नाहीत. ज्या प्रसंगासाठी संस्कारच तयार झालेले नाहीत तिथे त्यांना बसवलंय.

तत्त्वनिष्ठ
डॉक्टर, याला माझ्याकडे उत्तर नाही. संस्कारावरचा मुद्दा सोडत नाही, पण तुमच्या केबिनमध्ये तो मांडायची माझी हिंमत होणार नाही.

वाचनवेडी
डॉक्टरीणबाई, पीटर-पॉल व्हर्बेक या डच तत्त्वज्ञांनी अगदी सोनोग्राफीचंच उदाहरण घेऊन हे मांडलंय, की यंत्र आई-बापांना आपोआप निर्णय घेणारे बनवतं. पण 'न निवडण्याची सोय' हे तुमचं जास्त नेमकं.

गिट्टी_मुरुम
धागा पाण्यावर होता ना? सुदामानगरी कुठे गेले, टँकर आला वाटतं.

सुदामानगरी
आलो आलो. मीटिंग झाली रविवारी, वाचून गेलो होतो सगळं.

लाल यादी उडाली. सॅन मार्कोसचं सांगितलं, कुणी ऐकलं नाही. गेडिसचं सांगितलं, दोघांना आवडलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकाच उभे राहिले, म्हणाले नाव टाका हो माझं रोज, फक्त खाली हेही लिहा की घरी कोण आहे. त्यानंतर कुणी त्या यादीचं नाव काढलं नाही. प्रेशर कमी करण्याची सोय पण नको ठरली, बिल प्रत्येकाला स्वतंत्र, आणि आजारपण असेल त्या घराला सूट संघाने बसून ठरवायची. मीटरवाला म्हणाला यादी बंद करता येईल, पण 'डिफॉल्ट' चालूच येते, दर वेळी अपडेट झालं की बघत जा.

आता नवीन भांडण. ॲपचा ॲडमिन कोण? ॲडमिनला सगळ्यांचा रोजचा आकडा दिसतो. सेक्रेटरी म्हणतात मी. खजिनदार म्हणतात दोघं.

रामबागी
हे साधं समजू नका. आमच्या मल्टीत मीटर लागून वर्ष झालं. वापर शून्य दिसला की ॲडमिनला कळतं की हे लोक गावाला गेलेत. एकदम वाढला की कळतं घरी पाहुणे नाहीतर भाडेकरूने चार मुलं जास्त ठेवलीत. आमच्या वॉचमनला पण कळायला लागलं, कारण ॲडमिनसाहेब मोबाइल त्याच्याकडे चार्जिंगला ठेवतात. पासवर्ड संपूर्ण समितीला द्या किंवा कुणालाच नको, फक्त महिन्याचं बिल निघेल एवढंच बघायला मिळावं असं मीटरवाल्याकडून करून घ्या. @कोड_मजूर होतं का असं?

कोड_मजूर
होतं. अवघड नाही, रोजचा आकडा फ्लॅटवाल्याच्याच फोनवर ठेवायचा आणि संघाकडे महिन्याची बेरीज. लेखी मागा. तोंडी मागितलं तर 'पुढच्या व्हर्जनमध्ये' म्हणतील, ते व्हर्जन आम्ही कधीच काढत नाही.

खंडवा_रोड
आमच्या वर्कशॉपसमोर जो प्लंबर बसतो त्याला सहज विचारलं, मीटर बायपास होतो का. म्हणाला कुठल्या मल्टीला लागतोय तेवढं सांगा, पहिले आठवडाभर कुणी बोलवत नाही, मग सगळे एकेकटे फोन करतात.

सुदामानगरी
त्याचा नंबर इथे टाकू नका प्लीज. सेक्रेटरी धागा वाचतायत.